बॉनेट गरम होतं

हॅलो? … आत्या! … पोचलीस पण? अगं, तू तर अकराला जाणार होतीस ना?

… झोपच लागली नाही? … हो, कळलं मला. पहाटेपासून टेप घेऊन माझ्याच खाटेची लांबी मोजत होतीस.

… छे, घाबरले कुठे? जिना चढून आले, धाप लागलीय.

… बाबा? बाबा आहेत ना, पलीकडच्या खोलीत. फळीवर उताणे. मघाशी शिंकले तर कंबरेत अशी कळ आली, की खालचा किराणावाला वर बघायला आला.

… बाबा, आत्या आहे! … काही नाही, पडद्याचं विचारतेय!

… हं, बोल. … पिवळे? पिवळे छान दिसतील. निळ्या गाडीला पिवळे पडदे, वा! … हो, तुझी शिलाई मशीन खिडकीपाशीच बसेल. आपण मापं घेतली ना रविवारी. … रात्री पडल्या-पडल्या छताची झडप उघडली की आकाश, आणि सकाळी ब्रेडचा वास. बेकरीवाल्यांनी इतकी वर्षं चालवलीय, वास काय असा जातो?

… सही केलीस?

… नाही ना? … तो कुठे गेलाय? … पेन आणायला? इतकी वाहनं विकतो आणि पेन नाही? … अगं, हसतेस काय!

… आत्या, ऐक ना. तुला नक्की आवडलीय ना ती? म्हणजे छत जरा बुटकं नाही वाटत? … हो, तू साडेचार फूट, मान्य. पण उभं राहून कापड बेतायचं म्हणजे… … बरं, बसून बेतशील. … आणि तो हॉर्न? कोंबडीची मान पिरगाळल्यासारखा वाजतो. … नाही गं, हॉर्नसाठी कोण गाडी सोडतं.

… ती दुसरी, चष्मेवाल्या काकांची, कशी होती? शाळेची मिनीबस. … हो, मीच म्हटलं होतं 'आजारी भोपळा'. पण भोपळा टिकतो गं. त्यांनी ऑइल बदलल्याची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवलीय. सीटखालचा गंज पण स्वतःहून दाखवला बिचाऱ्यांनी. … हो, दोन महिने थांबावं लागेल. डोळ्याचं ऑपरेशन झाल्याशिवाय ते देणार नाहीत. … माहितेय मला.

… नको ना. … 'इंजिनिअरबाई' म्हणू नकोस. … आज नको.

… काही झालं नाही. … म्हणजे झालंय. … पेन आणलं का त्याने? … नाही ना? मग त्याच्या ऑफिसच्या दारापासून लांब हो जरा. गाडीजवळ जा. … अगं, जा ना!

… आत्या, बॉनेट गरम होतं.

… रविवारी. आपण गेलो तेव्हा. … हो, मीच म्हटलं 'गार आहे, एकदम दगड'. नव्हतं. तुझी इस्त्री बंद केल्यावर दहा मिनिटांनी असते ना, तसं होतं. हात ठेवला आणि काढून घेतला.

… ऊन नाही. ती शेडमध्ये उभी होती. चार दिवस मी पण स्वतःला 'ऊन असेल, ऊन असेल' सांगतेय.

… हो, बाबांनी हेच एक काम दिलं होतं. 'जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटला हात. गरम लागलं तर चहासुद्धा न घेता परत या. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली, म्हणजे गार असताना ती उठत नाही.' पंचवीस वर्षं गॅरेज चालवलंय त्यांनी, आणि कंबर धरली म्हणून स्वतःच्या जागी मला पाठवलं. मी पण कशी निघाले होते, जशी काही गॅरेज माझ्याच नावावर!

… का काय? … असंच. … नाही, विसरले नाही. … त्याने मला काही दिलं नाही गं, काय बोलतेस!

… खोलीसाठी.

… माझ्या खोलीसाठी, आत्या. … हॅलो? … ऐकू येतंय ना?

… तुझा कारखाना बंद पडला, तू भाड्याची जागा सोडलीस, आमच्याकडे आलीस, त्याला चौदा महिने झाले. मी तक्रार करत नाहीये. म्हणजे… करतेय बहुतेक. मशीनची खडखड, पायात टाचण्या, आणि तू घोरतेस. … हो, घोरतेस! म्हटलं, ही गाडी आजच मिळतेय. भोपळ्याला दोन महिने. मी मैत्रिणींना सांगूनसुद्धा टाकलं, शनिवारी राहायला या म्हणून. भिंतीला रंग कुठला, तेही ठरवलं.

… हिरवा. … तू रंग काय विचारतेस गं! ओरड ना मला!

… मग काल रात्री तू नकाशा पसरून बसलीस. कुठला बाजार कुठल्या वारी, घाटाखाली कुठे उभी करायची, पाणी कुठे मिळेल. आणि म्हणालीस, 'आता कुणाच्या घरात पाहुणी नाही.' तू एकटी, माळावर, थंडीची सकाळ, आणि गाडी ढिम्म. … आणि खिडकी. आल्या दिवशी खिडकीकडची बाजू मला दिलीस. म्हणालीस, 'मला वारा सोसत नाही.' मग गाडीत मशीन खिडकीपाशीच कशी गं लावणार होतीस?

… हॅलो? … आत्या? … आहेस ना? … कसली खुळखुळ ती?

… काय? … किल्ली? तुझ्या हातात? … पेन आणायला जाताना तुझ्याकडेच देऊन गेला? … आणि बॉनेट? हात ठेव ना. … गार? नीट बघ, पूर्ण तळवा ठेव. … हां, तू अकराला येणार म्हणून त्याने अजून चालू केली नसेल. … लाव. लाव किल्ली. फोन तसाच धर.

… ऐकतेय. …

… पुन्हा लाव. …

… अगं बाई गं. … अजून एकदा. … म्हाताऱ्याचा खोकला बरा! थांब, स्पीकर लावते. बाबा, ऐका हे! … लाव, आत्या. …

… बाबा म्हणतायत, पुरे, किल्ली काढ. … म्हणतायत, इंजिनात दम उरला नाही, थंडीत ही सकाळी उठायची नाही. सही करू नकोस.

… बाबा, काय? … विचारतायत, 'बॉनेटला हात कोणी लावला होता?'

… मी, बाबा. … सांगते. फोन झाला की येते आणि सांगते.

… नाही, आत्या, तू मध्ये पडू नकोस. 'तिला कळलं नसेल' म्हणू नकोस. मला कळलं होतं.

… आला तो? पेन घेऊन? … मग दे त्याची किल्ली, आणि नीघ. … पेन नको म्हणावं.

… घरी ये ना. … नाही? … तुझ्या मैत्रिणीकडे? आज तिथेच? … रागावलीस. … 'नाही' नको म्हणू, आवाजावरून कळतंय. … बरं. … बरं, उद्या ये.

… काकांना फोन करू? भोपळ्यासाठी? … मीच करते. … हो, दोन महिने. माहितेय.

… शनिवारचं? मैत्रिणींना नको म्हणून सांगेन.

… आत्या, ठेवू नकोस. एकच मिनिट. हा खर्रर्र आवाज ना, तुझी मशीन सरकवतेय. खिडकीपाशी. … हो, माझी खाट आत भिंतीला. … अगं, मला वारा सोसत नाही.

… खरंच सोसत नाही.

… बरं, खोटं. पण हे एक राहू दे.

… हॅलो? … हसलीस का गं? … आत्या? हॅलो? … ठेवला.

… आले, बाबा. … हो, आले. सगळं सांगते.