कोट कशासाठी?

रविवारी सकाळी हवाय, ते कळलं हो — पण कशासाठी? हात जरा वर घ्या. दुकानात शिरल्यापासून घड्याळच बघताय तुम्ही. अहो, कोट कशासाठी ते कळल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, खोडच आहे माझी. मागे एक जण असाच घाईत आला, म्हणाला, कसलाही शिवा. शिवला. मग कळलं, त्याला तो घालून व्हायोलिन वाजवायचं होतं — भर कार्यक्रमात हात वर जाईना! पोट आत ओढू नका, कोटाला पोट कळतंच.

मुली बघायला? मग असं बोला की! आत मशीन चालतंय ना, ती माझी मुलगी, पडद्यामागे. तिच्या हाताच्या शिलाईवर गिऱ्हाईक टिकलंय माझं. ती गेली तर मी काय — असो, वळा. एका दिवसात चार घरं? आणि मुलगी कशी हवी? जी आधी हो म्हणेल ती? वा! एकदाचं उरकायचं. का उरकायचं? सगळे विचारतात म्हणून. हसत नाही हो, मीही त्यातलाच. बायको म्हणाली, पोरीचं यंदा उरकून टाकू, मी मान हलवली. का हलवली, विचारू नका, मलाच ठाऊक नाही. पोरीला मात्र पक्कं ठाऊक आहे. स्वतःचं दुकान काढायचंय तिला, फक्त बायकांच्या कोटांचं. नवरा चालेल म्हणते, पण दुकानाच्या आड येणारा नको. मी हसलो होतो तिला. वाईट वाटतं आता.

आणि चौथं घर? कुठल्याशा शिंप्याचं — चहा घेतला की निघायचं? बरं. ऐकलंत, मशीन थांबलं. फोटोत जरा गुटगुटीत दिसता हो तुम्ही. कुठला फोटो म्हणजे? आमच्या कपाटावर आहे तो. दारात आलात तेव्हाच ओळखलं मी. बायकोनं नवे कप आणलेत तुमच्यासाठी. घाम पुसू नका, पंखा लावतो. आणि माफी माझी कशाला मागता? मी बोलणारा कोण? तिला बोलू दे. गप्प उभे राहा जरा.

हं. सुरू झालं मशीन. मिळालं उत्तर. नाही, रागावली नाही, रागावली असती तर पडदा सारून बाहेर आली असती. तिला काम आहे, एवढंच.

रविवारी? जा की तीन घरी, जुन्या कोटात. हा मी झकास शिवेन, अगदी मनापासून. सोमवारी या — कशासाठी ते ठरवून. आणि आता माझी टेप सोडा.