जागेश्वरच्या नावाचा नळ

जनाबाई : बस म्हटलं ना तुले. उभ्या मानसासंगं बोलाचं म्हंजे खाटेवरून मान दुखते माही. त्या पेटीवर बस.

ताराचंद : बसतो काकू. पन रिक्षा उन्हात उभी आहे, भोंग्याची बॅटरी तापते. आखीन तीन मोहल्ले कराचे आहेत मले.

जनाबाई : कर. आधी मले सांग, माहा जागेश्वर मेला हे तुले कोनी सांगतलं?

ताराचंद : मेला असं मी कुठी म्हटलं?

जनाबाई : मंग शनिवारी या दारासमोर काय बोंबलला तू?

ताराचंद : आमदारसाहेबांची खबर देत होतो. दर शनिवारी देतो तशीच. राकेल कवा येनार, दवाखान्याची गाडी कोन्या दिवशी येनार, माजी सैनिकांचं शिबिर धरमपेठेत कुठं आहे, पेन्शन अडकली असन तर कोनाले भेटाचं...

जनाबाई : त्याच्या पुढं.

ताराचंद : पुढं ते नळाचं होतं.

जनाबाई : भोंग्यात म्हटलं तसंच म्हन. तुहं ते पुस्तकी बोलनं मले अर्धं समजलं नाही तवा.

ताराचंद : राहू द्या ना काकू.

जनाबाई : म्हन.

ताराचंद : ‘आपले लाडके आमदार बबनरावजी यांच्या अथक प्रयत्नांनी, भारतमातेचे वीर सुपुत्र, शहीद जवान जागेश्वर यांच्या स्मरणार्थ या गल्लीला सार्वजनिक नळ मंजूर झाला आहे. पुढील आठवड्यातील रविवारी उद्घाटन आणि वीरपत्नीचा सत्कार. बंधूंनो आणि भगिनींनो, हजारोंच्या संख्येने उपस्थित राहा.’

जनाबाई : शहीद म्हटलं. स्मरनार्थ म्हटलं. अन आता म्हनते, मेला कुठी म्हटलं.

अनुसया : आत्याबाई, त्यायले पानी देऊ का?

जनाबाई : दे. तहानेल्याले पानी देनंच पडते. पन अर्धाच गिलास दे वं सूनबाई, सकाळी विहिरीतून चिखल आनला तू. निवळला तेवढाच आहे.

ताराचंद : नको वहिनी, राहू द्या.

अनुसया : घ्या भाऊ. ऊन लय आहे.

जनाबाई : ऐक ताराचंद. कोष्ट्याच्या गल्लीत मौत झाली तर काय होते, ठाऊक आहे तुले?

ताराचंद : मी सिंधीलाइनचा मानूस. मले काय ठाऊक?

जनाबाई : साऱ्या गल्लीचे माग बंद होते. कोनाचाही असो, तीन दिवस कोनी विनत नाही. त्या दिवशी तू भोंगा घेऊन पुढं गेला अन समोरचा नत्थूचा माग बंद झाला. मंग धोंडबाचा. मी खाटेवर पडून ऐकून राहिली होती. एकाच्या मागं एक बंद होऊन राहिला अन मले वाटलं, कोनाच्या घरी झालं बाप्पा. जनम गेला माहा त्या खडखडीत, ती थांबली की आपोआप समजते. शेवटी सारे बंद झाले अन एकच माग चालू राहिला. माह्या घरातला. ही विनून राहिली होती, हिले खडखडीत काही ऐकूच आलं नाही. तवा मले समजलं, मौत कोनाच्या घरी आहे ते.

ताराचंद : काकू...

जनाबाई : मंग रुख्माबाई चार बायका घेऊन आली. हिचं कपाळ पुसाले. ही बिचारी हात सुताचे घेऊन उभी, काय झालं तेच हिले समजेना. मी काठी फेकून मारली. रुख्मीच्या गुडघ्याले लागली. चाळीस वर्षांची शेजारीन माही. तवापासून या दारात कोनी पाय ठेवत नाही.

ताराचंद : फौजेतून तार आली होती म्हने ना, डिसेंबरात?

जनाबाई : आली होती. पोस्टमननं वाचली. बेपत्ता आहे म्हने. बेपत्ता म्हंजे सापडून नाही राहिला, एवढंच. लढाईत धरलेले आपले किती लोकं तिकडे दुश्मनाच्या कैदेत आहेत, रेडिओवर सांगते. एक दिवस सुटतीन. तुह्या साहेबाले वेगळी तार आली का?

ताराचंद : नाही.

जनाबाई : मंग त्यायनं काहून सांगतलं शहीद?

ताराचंद : साहेबांनी नाही सांगतलं.

जनाबाई : मंग?

ताराचंद : साहेब म्हने, बेपत्ता जवान जागेश्वरच्या गल्लीले नळ मिळावा असा आपला प्रयत्न चालू आहे, एवढं सांगून दे.

अनुसया : प्रयत्न चालू आहे?

ताराचंद : हाव वहिनी. तेवढंच. पन मी पंधरा वर्षं सिनेमाची जाहिरात केली या रिक्षावर. बेपत्ता अन प्रयत्न, असल्या शब्दाले कोनी दार उघडत नाही. पहिल्या गल्लीत म्हटलं तसं, तर एक म्हातारा म्हने, पुढं हो, झोप मोडली. दुसऱ्या गल्लीत माह्या तोंडातून शहीद निघालं. जिभेले सवयच तशी, पिच्चर सात दिवस चालला तरी रौप्यमहोत्सवी म्हनाची. अन मानसं टोप्या काढून उभे राहिले काकू. मंग ‘प्रयत्न’च्या जागी ‘मंजूर’ही निघालं, रविवारचं उद्घाटन अन सत्कारही निघाला. इथं येईपर्यंत मले स्वतःलेच ते खरं वाटाले लागलं.

जनाबाई : तुह्या जिभेनं माहा पोरगा मारला.

ताराचंद : संध्याकाळी लोकं हार घेऊन साहेबाच्या बंगल्यावर गेले. तुमच्याच गल्लीतले, ईश्वरदास अन सारे. साहेबाले तर काहीच माहीत नव्हतं, पन हार गळ्यात पडल्यावर कोन म्हनते मले माहीत नाही? सोमवारी त्यायनं फोन करून नळ खराच मंजूर करून घेतला. शहिदाच्या नावानं.

जनाबाई : तू गेला नाही त्याच्याकडे?

ताराचंद : गेलो. म्हटलं, साहेब, माह्याकडून गलती झाली, तार बेपत्ताची आहे. मंग म्हने, ताराचंद, पाच वर्षं मी या गल्लीसाठी पानी मागून राहिलो, नाही भेटलं. आता भेटलं. तुले वापस कराचं आहे का? मी तसाच वापस निघालो काकू. पाइप येऊन पडले कोपऱ्यावर, मीही येताना पाहिले.

जनाबाई : मले पाइप नको सांगू. माहा पोरगा परत आला अन त्याच्याच नावाची पाटी त्याले दिसली तर? दारात पाय ठेवाच्या आधी कोनी त्याले भूत म्हनीन. तुह्या त्या भोंग्यातूनच सांग, जागेश्वर जिता आहे.

ताराचंद : जिता आहे असं कसं सांगू?

जनाबाई : तर मेला नाही असं सांग. बेपत्ता आहे असं सांग, पहिल्या गल्लीत सांगतलं तसं. तू काढलं तोंडातून, तूच वापस घे. या दारासमोर उभा राहून. माही कंबर मोडली नसती तर मीच गेली असती गल्लीभर ओरडत.

ताराचंद : माही नौकरी जाईन.

जनाबाई : जाईन.

ताराचंद : नळही जाईन.

जनाबाई : तेही जाईन. मी काय मागून राहिली तुले? माह्या लेकराचा जीव परत मागून राहिली. तेवढा तुह्याच हातात आहे.

ताराचंद : ठीक आहे काकू. सांगतो. शहीद म्हटलं तवापासून मलेही जेवन गेलं नाही. सांगतोच.

(ताराचंद बाहेर येऊन भोंग्याची तार जोडू लागतो. मागोमाग अनुसया येते.)

अनुसया : भाऊ, बटन दाबू नका.

ताराचंद : मी खरंच सांगून राहिलो वहिनी. भीती वाटते, पन सांगतो.

अनुसया : माहीत आहे. म्हनूनच बाहेर आली. हळू बोला.

ताराचंद : म्हंजे? तुमाले नाही वाटत का...

अनुसया : मले काय वाटते, हे आजपर्यंत कोनी विचारलं नाही. आत्याबाई म्हनते जिता आहे, मी हाव म्हनते. गल्ली म्हनते मेला, तिथंही मी मान खाली घालते. खरं सांगू का, मले ठाऊक नाही. सकाळी वाटते येईन, पानी भरता भरता वाटते, नाही येत. काल विहिरीवर नत्थूची सून घसरली, सातवा महिना चालू आहे तिचा. देवानं वाचवलं. तिच्या सासूनं माह्याकडे पाहिलं अन म्हने, रविवारपर्यंतच वं बाई, मंग तुह्या नवऱ्याची पुन्याई.

ताराचंद : बाप रे.

अनुसया : या लोकायनं तीन दिवस माग बंद ठेवले. विनलं तर चूल पेटते इथं, तुमाले सांगाले नको. माह्या नवऱ्यासाठी पोरं उपाशी ठेवली त्यायनं. आता मी कोन्या तोंडानं सांगू, तो मेला नाही, तुमचं पानी वापस करा?

ताराचंद : अन तो आला तर?

अनुसया : आला तर येईन. लावलेला नळ कोनी उपटून नेत नाही. तोही पेईन त्याच नळाचं.

ताराचंद : रविवारी सत्काराले मंचावर यावं लागीन तुमाले. पांढऱ्या लुगड्यात पाहतीन सारे.

अनुसया : पाहू द्या.

ताराचंद : मंग काकूले काय सांगू? त्या कान लावून बसल्या आहेत.

अनुसया : बटन न दाबता म्हना. नुसत्या गळ्यानं, दाराकडे तोंड करून. दुपारचे सारे दारं लावून झोपले आहेत. घरात ऐकू जाईन, गल्लीत जानार नाही.

ताराचंद : वहिनी, त्या म्हातारीले फसवनं आहे हे.

अनुसया : हाव, फसवनंच आहे. त्याच्याशिवाय रस्ता दाखवा, मी तिकडून जाते.

जनाबाई : अनुसये, काहून उशीर लागून राहिला वं?

अनुसया : तार जोडून राहिले आत्याबाई. म्हना भाऊ.

ताराचंद : ऐका हो ऐका. या गल्लीतील सर्व बंधू आणि भगिनींना कळवण्यात येते की, जवान जागेश्वर हे... जवान जागेश्वर हे शहीद झालेले नाहीत. ते बेपत्ता आहेत. शनिवारी सांगितलेली बातमी चुकीची होती. ती माझ्याकडून चुकली. जागेश्वर यांच्या परत येण्याची त्यांची आई वाट पाहत आहे.

जनाबाई : आवाज लहान काहून येते गा?

अनुसया : बॅटरी उतरली आत्याबाई. उन्हानं.

जनाबाई : असू दे. मले ऐकू आलं. गल्लीले आलं असन ना?

अनुसया : आलं.

जनाबाई : ताराचंद रडून राहिला का वं?

अनुसया : नाही आत्याबाई. घाम पुसून राहिले.

जनाबाई : त्याले सांग, म्हातारीचा राग नाही आता. अन तू पान्याचा गुंड घे, विहिरीवर जा. खुशाल जा साऱ्यांच्या समोरून. डोक्यावरचा पदर पुढं ओढू नको आज, कपाळ दिसू दे त्या रुख्मीले.

अनुसया : जाते आत्याबाई.

ताराचंद : मी निघतो वहिनी.

अनुसया : थांबा भाऊ. रिक्षा जराशी आडवी करा. खाटेवरून आत्याबाईले इथपर्यंत दिसते, अन मले कपाळ पुसाचं आहे.