दुधासारखी गोरी

मी मूळची कल्याणची, वडील तबेल्यात शेण काढायला होते, आणि लग्न होऊन टिटवाळ्याला आले तर सासूबाईंची गायच दारात, तेव्हा एवढ्या बिल्डिंगी नव्हत्या तिथे. म्हणजे दूध मला नवीन नाही. पण आता कुणी तान्ह्याच्या तोंडात दुधाची बाटली कोंबताना दिसलं ना, काय सांगू तुम्हाला, मी तिथनं उठूनच जाते.

माझी सोनल सात महिन्यांची झाली आणि मी घोडबंदरला एका घरी कामाला लागले, सकाळी निघायचं ते दिवेलागणीला परत. नाचणीची पेज, मऊ खिचडी करून जायचे. सासूबाई म्हणायच्या, घरात गाईचं दूध असताना हे कशाला, माझी चार पोरं दुधावरच वाढली. मग दिवसभर बाटलीच. संध्याकाळी मी बाटली धुवायला घेतली की बुचाच्या आत पिवळा थर, आंबूस वास, शी, अजून नाकातनं जात नाही तो. आणि पेज तशीच, वर माश्या.

आणि पोर गोरी व्हायला लागली. मी काळी, नवरा काळा. शेजारणी म्हणायच्या, दुधासारखी झाली गं तुझी लेक. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. माझीच मला किळस येते ती त्याची.

दहाव्या महिन्यात बघते तर भिंतीचे पोपडे खरवडून खातेय, तोंड सगळं चुन्याचं. रांगायची ती नुसती पडून राहायला लागली. उचलली आणि कल्याणला डॉक्टरणीकडे नेली, सासूबाई बरोबर. तिनं पोरीची खालची पापणी ओढून दाखवली, आत लाल काहीच नाही. म्हणाली, "बाई, ही गोरी नाही झाली, हिच्यात रक्त नाही." वर्षाच्या आत बाळाचं पोट गाईच्या दुधानं भरायचं नाही म्हणाली, त्यात लोह नसल्यासारखंच, आणि पोट भरलं की ते जेवतही नाही. जेवणात चमचाभर घातलं तर चालतं.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी काय विष दिलं का?"

मी म्हटलं, "नाही. पण जेवण दिलं नाही."

काम सोडलं मी. लोहाचे थेंब, डाळ, अंड्याचा बलक, पालेभाजी, किती महिने तेच. हळूहळू पोर उभी राहिली, धरून चालायला लागली, आणि सावळी झाली. तर तीच शेजारीण येऊन म्हणते, रंग उतरला गं हिचा. मी तिला दारातनंच परत पाठवली, आजतागायत बोलत नाही.

सोनल आता डोंबिवलीला असते, स्वतःचं बाळ आहे, आठ महिन्यांचं. तिला सांगितलंय, वर्ष होऊ दे, मग दे दूध, वाटीनं, जेवण झाल्यावर. ऐकते ती, सुखी राहो.

सासूबाई थकल्यात, दात राहिले नाहीत, हात कापतो. दोन्ही वेळचा भात मीच कालवून भरवते. भरवताना अजून राग येतो हो, पण त्या तोंड उघडतात आणि मी घास देते.