वीस मिनिटांची गादी

"हॅलो?… हो, अश्विनीच बोलतेय. माझा फोन दुसरं कोण उचलणार?"

मियापूरच्या सातव्या मजल्यावर अश्विनी एका हातानं इडलीचं पीठ ढवळत होती. सकाळीच तिचे सासरे, नाना, 'दोन दिवस लेकीकडे जाऊन येतो' म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला, नल्लकुंट्याला गेले होते. आता लेकीचा फोन. मंगलाताई, म्हणजे अश्विनीची थोरली नणंद, फोनवर मध्ये श्वास घेत नसत.

"पोचले ना नाना?… कंबर? काय झालं कंबरेला?… ताई, वय झालं म्हणजे वाकायचंच, असं मी कधी म्हटलं?"

नाना ऑटोतून उतरताना वाकले ते तसेच राहिले, ही हकीकत तिकडून सविस्तर आली. नंतर कारण आलं.

"एक मिनिट. 'फुग्यावर झोपवलंत' म्हणजे?… फुगा नाही तो. गादी आहे. तुमच्याच भावानं, तेजसनं ट्रेकसाठी आणलेली, भारीतली… नाही गेला ट्रेकला. तो विषय वेगळा… हवा जाते? अहो, हवा जात नाही, हवा आत येते. ऐका तर."

तिनं डाव बाजूला ठेवला.

"आत स्पंज आहे. घट्ट गुंडाळला की त्यातली हवा बाहेर. मग बूच उघडलं की स्पंज आपल्या मूळच्या जाडीवर यायला लागतो, आणि येता येता बाहेरची हवा आत ओढून घेतो. पंप नको, वीज नको, कुणी मदत करायला नको… नाही, नानांसारखा नाही. स्पंज आहे म्हटलं ना… आणि हे हौ हौ काय लावलंय?"

तीस वर्षं नल्लकुंट्यात काढलेल्या मंगलाताईंचं 'हौ' म्हणजे होकार नव्हे. तुझं आटपू दे, मग मी आहेच, एवढाच त्याचा अर्थ.

"कायमचे? ताई, हे तुम्ही कोण ठरवणार?… वडील तुमचे आहेत, मान्य. पण लेकीच्या घरी तिसऱ्या दिवशी पाणी मागतानाही संकोचतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत मला."

नाना कायमचे तिकडे राहिले, तर परभणीपासून पुण्यापर्यंत एकच वाक्य जाणार होतं: सुनेनं म्हाताऱ्याला जमिनीवर घातलं. शिवाय ऑफिसातून आल्यावर दार आतून उघडलं जातं, याची गेल्या आठ महिन्यांत अश्विनीला सवय झाली होती. हे ती मंगलाताईंना सांगणार नव्हती.

"गादी तिथेच आहे ना?… मी नाही पाठवली, त्यांनीच सोबत नेली. मग सोडा ती वळकटी. आत्ता. मी फोन धरते… तीन गाठी? तिला दोरीच लागत नाही, ताई… बरं, कात्री घ्या. पसरा जमिनीवर. कोपऱ्यातलं काळं बूच फिरवा. आवाज येतोय? बारीक, सुस्कारा टाकल्यासारखा?… झालं. आता वीस मिनिटं तिच्यावर कुणी बसू नका. ठेवायचीसुद्धा नाही काही. तुमची भाजीची पिशवीही नको."

वीस मिनिटं दोघींनीही फोन ठेवला नाही. जी ठेवेल ती हरली असती. तेवढ्या वेळात अश्विनीच्या लेकीच्या, सायलीच्या बारशातली साडी निघाली, तेजसनं चुकवलेल्या दोन राख्या निघाल्या, आणि गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची एक बरणी निघाली.

"परत केली होती… झाकण नव्हतंच तिला… तुम्ही पंक्तीत सगळ्यांसमोर विचारलंत, म्हणून मी नाही बोलले… बरं, किती झाली? एकोणीस? कशी दिसते?… किती बोटं? चार? म्हणजे पूर्ण. आता दोन फुंकरा मारा आणि बूच लावा. तुमच्या फुंकरीला काही तोटा नाही… मूठ दाबून बघा. लागते जमीन?… तसं स्पष्ट म्हणा. 'जमीन लागत नाही.'… आभारी आहे."

अश्विनीला फार बरं वाटलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

"आता नानांनाच विचारा, रोज किती वेळ पसरून ठेवत होते ती. समोरच आहेत ना? विचारा."

तिकडे पुटपुटणं चाललं. मंगलाताई परत आल्या, तेव्हा पहिल्यांदाच सावकाश बोलल्या.

"ठेवतच नव्हते म्हणजे?… पण मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना, वीस मिनिटं… कुणाच्या पायात?"

तिनं वळून हॉलकडे पाहिलं. सोफा, तेजसची व्यायामाची सायकल, सायलीचं टेबल. मधे उरलेली पट्टी बरोबर गादीएवढी, आणि स्वयंपाकघरातून झोपायच्या खोल्यांकडे जायची वाट तीच. सगळे आत जाईपर्यंत नाना गादी पसरत नसत. मग दिवा बंद होई. गादी फुगायची वाट बघत अंधारात खुर्चीवर बसलेला म्हातारा कुणाला दिसला, तर बरं दिसत नाही. म्हणून ते लगेच आडवे होत. सकाळी दूध यायच्या आत तीन गाठींची वळकटी सोफ्यामागच्या कोपऱ्यात गेलेली असे. मोकळा हॉल बघून अश्विनी ऑफिसात सांगायची, आमच्या नानांची अजिबात अडचण होत नाही.

"अंगाखाली दबला की स्पंज वर येत नाही, ताई… नाही, तुम्हाला नाही सांगत… द्या त्यांना फोन."

तिनं ओट्याला टेकून घेतलं.

"नाना, उद्या तेजस येईल न्यायला. सायकल काढून टाकतो आम्ही, कधी चालवतो तो?… तुमचं काही चुकलं नाही… हो, गादी चांगलीच आहे… राहू दे म्हणजे?"

कुणाला त्रास नको अशा सुरात नाना समजावत होते. इतक्या वेळानं ती फुगली आहे, बूचही मंगलानं घट्ट लावलंय. आता पुन्हा हवा काढून कशाला गुंडाळायची.

"नाना, पण… नाना?… ताई तुम्ही? ठेवू नका. हॉलमध्ये जागा करते मी. आजच करते. ऐकताय ना?"

"हौ," एवढंच आलं, आणि फोन बंद झाला.