पाटावर ठेवलेला पासवर्ड

मंडळी, बसा. उठू नका कुणी. अशा प्रसंगी शब्द सुचत नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मला शब्द सुचतायत. ते तोंडातून बाहेर काढणं अवघड जातंय, एवढंच.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी वसंत, आपल्या फूल उत्पादक संघाचा हेडक्लार्क. एकनाथ मला तात्या म्हणायचा. संघाचा कॉम्प्युटर तो सांभाळायचा. रोज सकाळी झेंडू-शेवंतीचा भाव एसएमएसने तुमच्या मोबाइलवर यायचा ना? तो एकनाथने पायथॉनमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम पाठवायचा.

आत्ताच अण्णा म्हणाले, एकनाथ संघाचा आधारस्तंभ होता. अण्णा, तुम्ही अध्यक्ष आहात, मोठे आहात. पण तीन वर्षांपूर्वी याच हॉलमधून तुम्ही त्याला चोर म्हणून हाकललंत. मी तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. आज तुमच्या तोंडून ‘आधारस्तंभ’ ऐकून मला शिसारी आली. तुमची आली. माझी जास्त आली.

थांबा, बोलू द्या. आज नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

एसएमएस पाठवायला एक पासवर्ड लागायचा. तो ज्याच्या हाती, तो कुठूनही संघाच्या नावाने कुणालाही काहीही कळवू शकतो. म्हणून एकनाथ तो प्रोग्रॅममध्ये कधीच लिहायचा नाही. प्रोग्रॅममध्ये फक्त एवढंच, की पासवर्ड मशीनला विचारून घे. मशीनमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणतात तिला. तिथे तो स्वतःच्या हाताने पासवर्ड द्यायचा. मशीन बंद पडलं की ती जागा रिकामी. पुन्हा चालू केलं की पुन्हा द्यायचा.

आणि तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? लाईट गेली की मशीन बसायचं, की मी एकनाथला फोन लावायचा, की तो मळ्यातून मोटारसायकल काढून यायचा. मी वैतागायचो. म्हणायचो, अरे, लिहून टाक की त्या फाइलमध्ये, कशाला हा सोवळेपणा? तर म्हणायचा, ‘तात्या, फाइल लय जणांच्या हाती जाती. कुलूप दाखवा कुणालाबी. किल्ली नाय.’

नवरात्रात तो वणीच्या गडावर जायचा, दरवर्षीचा नेम. त्या वर्षी जाताना माझ्या कानात पासवर्ड सांगून गेला. ‘लिहू नका, तात्या. पाठ करा.’ मी पाठ केला. दोन दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दोनदा लाईट गेली आणि मी वैतागून पासवर्ड सरळ प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. काम झालं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मग आली खंडेनवमी. घरोघरी खुरपी-विळे पुजायचे, संघात वजनकाटा आणि कॉम्प्युटर. अण्णा म्हणाले, ‘पेटीची पूजा काय करता? खरं हत्यार तर आतला प्रोग्रॅम. त्याला नको का हळदकुंकू?’ सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. मी प्रोग्रॅम कागदावर छापला, मशीन बंद करून त्याला हार घातला, कागद पाटावर मांडला. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल.

दिवसभर माणसं प्रसादाला येत होती. शेतकरी, आडते, हमाल, ओळखीचे, बिनओळखीचे. सगळे त्या कागदाला हात जोडत होते. वाचणारा एकच निघाला. तो कोण, मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी संघाच्या नावाने सगळ्यांना एसएमएस गेला. ‘उद्या दसऱ्याला फूलबाजार बंद.’ फोनवर फोन यायला लागले; एकेकाला सांगून किती जणांना पुरणार? मी म्हणालो, मशीन चालू करू, खरं काय ते कळवू. तेव्हा काय ठरलं? समोर बसलेल्यांनी माना खाली घालू नका, आठवा. ठरलं असं, की पूजेला बसवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. आणि नाही लावला! तोडणीला आलेला झेंडू मळ्यामळ्यात उभा आणि आम्ही पापाला घाबरून बंद मशीनभोवती उदबत्त्या लावत बसलो. मीही लावला नाही हात. दसरा झाल्यावर त्या झेंडूला कोण विचारतं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा करून कागद उचलला. पासवर्डच्या ओळीवर माझ्याच बोटाचं कुंकू होतं. तेव्हा कळलं, तो एसएमएस कुठून गेला. आणि मंडळी, मी काय केलं? कागद निर्माल्यात घातला. गोदावरीत सोडून आलो.

एकनाथ गडावरून आला, त्याने मशीन चालू केलं, फाइल उघडली. पासवर्डच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, ‘तात्या, ही ओळ तुमची हाय?’ मी म्हणालो, लाईट गेली होती रे. त्याने ती ओळ पुसली. म्हणाला, ‘सभेत तुम्ही सांगा. मी तुमचं नाव घेणार नाय.’

त्या एसएमएसच्या चौकशीची सभा झाली. मशीन बंद होतं, म्हणजे एसएमएस बाहेरून गेला. पासवर्ड एकट्या एकनाथला ठाऊक, असं सगळे धरून चालले. म्हणजे त्यानेच पाठवला! केवढी ही अक्कल! ज्याने जिवापाड जपला, तो जपला म्हणूनच चोर. त्याच्या पद्धतीने चाललो असतो, तर मशीन बंद झाल्यावर संघात तो पासवर्ड कुठेच सापडला नसता. त्याच्या डोक्यात आणि माझ्या डोक्यात, बस्स. तो पाटावर मी नेऊन ठेवला. एकनाथने सभेत एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

पुढे तो देवळाली कॅम्पात एका दुकानात लोकांचे अर्ज टाइप करायचा. मी अधूनमधून जायचो. चहा पाजायचा. दर वेळी एकच विचारायचा, ‘सांगितलं का, तात्या?’ मी म्हणायचो, सांगतो. तो म्हणायचा, ‘बरं.’ गेल्या महिन्यात दवाखान्यात गेलो. तेव्हाही त्याने विचारलं. तेव्हाही मी म्हणालो, सांगतो. त्याने ‘बरं’ म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

सुमनताई, तुमचा नवरा चोर नव्हता. तुम्हाला हे माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं, कारण माझ्या थोबाडाला कुलूप होतं.

मागच्या रांगेत त्याचे थोरले भाऊ बसलेत. गणपतदादा, तुमचाही झेंडू त्या दसऱ्याला मळ्यात राहिला. भावाने घात केला म्हणून तुम्ही त्याला उंबरा ओलांडू दिला नाहीत. खांदा द्यायलाही आला नाहीत. दादा, घात मी केला. तो तुमच्या दारावरून जाताना गाडी हळू करायचा, हे त्यानेच मला सांगितलंय.

मला माफी नको. कुणी देऊही नका.

फक्त एक करतो. एकनाथच्या फोटोला संघाने झेंडूचा हार घातलाय. झेंडूचाच! तो मी आता काढतो आणि दादांच्या हातात देतो. घालायचा की नाही ते दादा ठरवतील. या दादा, पुढे या. वाट द्या त्यांना.

बाकीच्यांनी उभं राहावं. दादा इथवर पोचेपर्यंत कुणी बोलू नका. गप्प राहणं आपल्याला जमतं.