दुसऱ्याच्या गाडीचा गार्ड

हेल्मेटची काच बदलायला आलेली नर्स स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरपाशी थांबली होती. तिच्यापुढे एक आजोबा मोटारसायकलचा वाकडा झालेला क्रॅशगार्ड घेऊन उभे होते.

"असाच द्या, पण याहून दणकट."

"गाडी कोण चालवतं, आजोबा?" दुकानदारानं विचारलं.

"मला तर सायकलसुद्धा येत नाही. गाडी त्या बाहेरच्या पोराची."

"नातू का?"

"कोण कुठला, देव जाणे. काल नात माझा हात सोडून रस्त्यात पळाली, तर यानं गाडीच आडवी टाकली."

"लागलं का त्याला?"

"या गार्डानं पाय वाचवला. नवा घेऊन देतो म्हटलं, तर नकोच म्हणत होता."

"मग तयार कसा झाला?"

"नात त्याच्या गाडीवर चढून बसलीय. गार्ड लावल्याशिवाय उतरणार नाही म्हणते."

नर्स बाजूला सरकली.

"माझी काच राहू द्या. आधी यांचं करा."