कानबाईच्या मागचं रेशीम

मन्हा जन्म शिंदखेड्याचा, रंगाऱ्याच्या घरचा. बाप रंगारी, बापाचा बाप रंगारी, न् दिली ती बी रंगाऱ्याच्याच घरी, म्हणजे एका हौदातून काढली न् दुसऱ्या हौदात टाकली, एवढंच मन्हं लग्न. हे हात पहा ना, काम सुटून किती वरसं झाली तरी नखं निळीच शेत. लहानपणी सण आला की माय मन्हे हात राखेनं घासून घासून दमायची, न् बाप म्हणे राहू दे वं, रंगाऱ्याची आंडेर ती, पांढरे हात घेऊन कोणाच्या घरी जाईन. नाव सरस्वती, पण एवढं लांब हाका मारायला कोणाला वेळ? आधी सरू, मग सरूवहिनी, न् आते बठ्ठ्या गल्लीची सरूआक्का. मन्हं बोलणं असंच शे ताई, अर्धं गावचं अर्धं शहरचं, लिहिताना तुम्ही सरळ करून घ्या, नही केलं तरी चालेल, मी काही वाचणार नही.

तुम्ही त्या कापडाचं विचारायला आल्या ना, बठ्ठे तेच विचारतात. देवपूरच्या शाळेत मांडलं तेव्हापासून जो येतो तो विचारतो आक्का कसं केलं, रेशमावर रंग कसा बसवला, आरसे कशानं चिकटवले. काय सांगू तुम्हाला, डिंकानं चिकटवले, दुसऱ्या कशानं चिकटवतात? कसं केलं ते सांगून सांगून तोंड दुखलं मन्हं. का केलं ते कोणी विचारत नही. तुम्ही विचारलं म्हणून बसले, नहीतर दळण पडलं शे घरात.

तर धुळ्याला पांझरेच्या काठी आमचं घर. मन्हे मालक, त्यांचे थोरले भाऊ नाना, नानांची बायको म्हणजे मन्ही जेठाणी, त्यांची दोन पोरं, सगळे एकत्र, न् चूल एक. मालकांना गावात रंगारीआबा म्हणत. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा वाईट. लाल रंग असा काढायचे की लुगडं फाटून चिंध्या व्हायच्या पण रंग जायचा नही, न् शिवी बी तशीच द्यायचे, एकदा दिली की जन्मभर लक्षात. मले दोन पोरं झाली, थोरला यशवंत न् धाकला दगडू. यशवंताला मी येसू म्हणे. नाकीडोळी बापावर गेलेला, न् हट्टानं बी बापावरच, तिथंच सारं बिघडलं माय.

स्वातंत्र्य आलं त्या सुमाराची गोष्ट. गावात झेंडे लागले, पेढे वाटले, झेंड्याचं कापड आमच्याच हौदात रंगलं, मालक चार दिवस खुशीत व्हते. पण मग काम आटलं. बायका गिरणीचं छापील लुगडं घ्यायला लागल्या, स्वस्त, हलकं, त्याच्यावर फुलं. कोण कशाला आमच्याकडे येतं? मालक ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचं लुगडं पाहायचे न् म्हणायचे, दोन धुण्यांत पांढरं व्हतं की नही पहा. नही झालं पांढरं. तेच त्यांना जास्त लागलं.

न् अशात येसू म्हणाला, मी अमळनेरला गिरणीत लागस. दुपारची वेळ, मालक हौदावर, हातात काठी, रंग ढवळायची. काय म्हणलास? तो म्हणे, आबा, आठे या हौदावर काय शे आते, दोन माणसांचं काम न् आठ माणसं खाणार. मालक म्हणे, ज्या गिरणीनं मन्ही भाकर खाल्ली तिच्या दारात मन्हा आंडोर उभा राहीन? तो म्हणे, राहीन. बस. ती ओली निळी काठी मालकांनी त्याच्या पाठीवर घातली. वाढलेला पोरगा ताई, मिशा फुटलेल्या, न् दारात गिऱ्हाईक उभं. सदऱ्यावर निळा पट्टा उठला. येसूनं सदरा काढला, दोरीवर टाकला, दुसरा घातला न् निघाला. मी मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मागं पळाले, म्हटलं, येसू, जेवून तरी जाय. म्हणे, माय, तू घरी जाय, ते तुले बी मारतील. मोटार गेली न् मी धुळीत उभी.

आधी आधी निरोप यायचा. अमळनेरचा एक सरकीवाला व्हता, तो सांगे, भेटला तुमचा पोरगा, बरा शे, वाळला जरा. मग त्यानंच सांगितलं की येसूनं ती गिरणी सोडली, चार पोरांबरोबर सुरतेकडे गेला. त्याच्यानंतर काही नही. दगडूला पाठवला, तो आठ दिवस फिरून आला, म्हणे, माय, तिकडे माणसांचा समुद्र शे, कोणाला विचारू? झालं. घरात येसूचं नाव काढायची बंदी. मालक म्हणे, माले एकच पोऱ्या शे.

आते कानबाईचं सांगते, तुम्ही पुण्याकडच्या, तुमच्यात नसते. आमच्यात श्रावणात, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई, आमची देवी, बसते. नारळ असतो पिढीजात, त्यालाच नथ, गळ्यात दागिने, चौरंगावर मांडायची, मागं चांगलं कापड लावायचं. न् तिचे रोट करायचे, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. रोटाचे गहू घेतात ना, ते घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. घरचा मोठा माणूस नाव घेतो न् मूठ घालतो. काल जन्मलेलं पोरगं असलं तरी त्याची मूठ निघते. मेला त्याची निघत नही. न् तो रोट घरातल्या माणसांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नही, टाकायचा नही, पुनवेच्या आत संपवायचा. उरू द्यायचा नही, हे महत्त्वाचं.

तर येसू गेला त्या श्रावणात नाना मुठी घालायला बसले. स्वतःची घातली, मालकांची घातली, नानांच्या दोन पोरांच्या घातल्या. मग तोंडात आलं त्यांच्या, यश... न् मालक म्हणे, पुढं चला. नानांचा हात तसाच पाटीत राहिला. मग म्हणे, दगडू, न् दगडूची घातली. ताई, मी जात्यापाशी बसलेली. मन्ह्या जीवाचं काय झालं ते मलेच ठाऊक. पोरगा जिता शे, कुठंतरी खातो-पितो, न् आठे त्याला मेल्यात काढला, देवीच्या समोर. मी रडायला लागले तर जेठाणी म्हणे, गप वं सरू, रोटाच्या पिठात टिपं पडू देऊ नको. वाईट बाई नव्हती ती, पण सणाचं काम सणाचं.

बोलायची सोय नव्हती मले. मालकांसमोर बोलणार कोण, तोंड उघडलं की भांडं भिंतीवर. मग मी काय केलं, मन्ह्या लग्नातलं रेशमी लुगडं काढलं. बापानं स्वतः रंगवलेलं, घड्यांवर विरलेलं. त्याचा चांगला तुकडा फाडला न् जेठाणीला सांगितलं, पुढच्या कानबाईला मागं लावायला चित्राचं कापड करते. लग्नात भिंतींवरची चित्रं मीच काढायची, हत्ती-घोडे, तुळस, त्यामुळे कोणी काही म्हटलं नही. दुपारी बठ्ठे पडले की मी बसायची. रेशमाला आधी खळ दिली, नहीतर रंग पसरतो. मध्ये कानबाई काढली, न् खाली घरातले पुरुष, एकेक करून, ज्याचं त्याचं काम करताना. सगळ्यांत आधी येसूला काढला. मन भरून आलेलं, घाई नव्हती, म्हणून त्याला रीतसर केला, रंग पक्का धरावा म्हणून हिरडा दिला, तुरटी दिली, आमचा हौदाचा रंग लावला, सुकवला, पुन्हा लावला. न् त्याच्या अंगात सदरा म्हणून तो दोरीवर टाकलेला सदरा, निळ्या पट्ट्याचा, त्याचाच तुकडा कापून शिवला. मी तो धुतला नव्हता ताई. कशी धुणार?

बाकीच्यांना काढेपर्यंत श्रावण दारात. घाईघाईनं गेरू, हळद, डब्यातला रंग, डिंकाच्या पाण्यात कालवला न् फासला. नाना, नानांची पोरं, दगडू, न् नदीवर कापड आपटणारे मालक. आरसे लावले, जुन्या जरीचे दोरे लावले. देवीला नथ मोत्यांची शिवली. चांगलं झालं व्हतं, खोटं कशाला बोलू.

कानबाई बसली, कापड लागलं, भाऊबंद जमले, बायका म्हणे सरू काय काढलं शे वं. न् एक चुलतसासू, तिला नसत्या चौकशा, ती बोट लावून मोजायला लागली, हा नाना, हा आबा, न् हा निळ्या पट्ट्याच्या सदऱ्याचा कोण? मुठी तर पाचच घातल्या ना, हा सहावा कुठला? मालक उठले. हंड्यातलं पाणी घेतलं, हातातलं उपरणं बुडवलं न् त्या चित्रातल्या येसूला पुसायला लागले. सगळ्यांसमोर, कानबाईसमोर. घासतात, घासतात, न् येसू जाईना. पक्का रंग तो, त्यांनीच मले शिकवलेला, जाईल कसा? पाणी मात्र खाली ओघळलं न् बाजूला मालक व्हते ना काढलेले, ते वाहून गेले. तोंड गेलं, हात गेले, पागोटं गेलं, नुसता एक पिवळा-तांबडा डाग राहिला. मालकांनी ते पाहिलं. उपरणं हातातून पडलं त्यांच्या. दाराबाहेर गेले न् ओट्यावर बसले. न् नानांनी हळूच चुलतसासूला सांगितलं, काकू, तुम्ही जेवाले बसा आते.

मले वाटलं आते मन्हं काही खरं नही. पण मालक घरात मले काही बोललेच नहीत. ते न बोलणं मारण्याहून वाईट वाटलं. कापड मी पेटीत ठेवलं. दिवाळी झाली, थंडी पडली, न् एक दिवस मी भाकरी थापत व्हते तर मागून आले न् मन्ह्या मांडीवर चिंधी टाकली. त्यांच्या जुन्या पागोट्याची, लाल. म्हणे, माले बी लाव तठे, त्या कापडावर. मी वळून पाहिलं तर तोंड फिरवून उभे. म्हटलं, कुठं लावू? म्हणे, व्हतो तठेच, त्याच्या बाजूले. मन्ह्या तव्यावरची भाकर जळली ताई, पण मी उठले नही. तेव्हा रडले मी, हुंदका आवरेना. तर तुम्ही म्हणता ना रंग न् कापड असं एकत्र कसं सुचलं, ते असं सुचलं. रंगाचे मालक वाहून गेले, म्हणून कापडाचे केले.

पण मूठ नही. मी म्हटलं, तेवढं केलं तर एवढं करा, श्रावणात येसूची मूठ घाला. म्हणे, तो येईन, तोंडानं आबा म्हणीन, मग घालू. हट्ट पहा. किती श्रावण गेले, कापड लागायचं, मालक त्याच्याकडे पाहत बसायचे, न् मुठीच्या वेळेला उठून बाहेर जायचे. काम बंद पडलं, हौद फुटले, दगडू देवपुरात शाळेचा शिपाई झाला, आम्ही इकडे आलो. मालकांना दम्यानं धरलं. शेवटी शेवटी दारात मोटारीचा आवाज आला की मान वर करायचे. मी म्हणे, नही हो, पुढं गेली. मेले तेव्हा बी डोळे दाराकडे. चिडू कोणावर मी? पोरावर चिडू की मेलेल्यावर? दोघांनी मले मध्ये ठेवलं न् आपापल्या हट्टानं गेले.

मालक गेले त्याच्या पुढची कानबाई. नाना पार म्हातारे, हात कापतात, मुठी घालायला बसले. स्वतःची घातली न् सवयीनं मालकांचं नाव तोंडात आलं, तर थांबले. मी बायकांत बसलेली, उठून समोर गेले. आयुष्यात पहिल्यांदा जेठासमोर डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिले. म्हटलं, नाना, येसूची घाला. ते म्हणे, सरू, तो कुठं शे ते तुले ठाऊक शे का? म्हटलं, नही. शे की नही ते तरी? म्हटलं, मेला असं कोणी येऊन सांगितलं का? नाना म्हणे, पण वं माय, त्याच्या वाटचा रोट खाईन कोण, तो उरला तर घराला बाधतो. म्हटलं, मी खाईन. तुम्ही घाला.

घातली त्यांनी. यशवंत, असं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सव्वा मूठ.

तेव्हापासून घालतात. आते नाना नहीत, दगडू घालतो, भावाचं नाव आधी घेतो न् मग स्वतःचं. सुनेला वाटतं म्हातारीचं पोट बिघडेल, म्हणते, आत्याबाई, पोरांना द्या ना थोडा, घरचेच तर शेत. मी देत नही. रोट जाड असतो, दोन दिवसांनी दगड व्हतो, दाढा तर राहिल्या नहीत, दुधात भिजवून भिजवून खाते. पोटात व्हता तेव्हा मी खायचे न् त्याचं पोट भरायचं, तसंच समजते आते बी. जिथं असेल तिथं सुखी राहो, न् तुमचं बी भलं होवो ताई, एवढं ऐकून घेतलं. चला, उठते मी. परवा पुनीव, न् येसूच्या वाटचा अर्धा रोट अजून बाकी शे.